सतरा नंबरची रेघ

यातलं किती मला खरंच आठवतंय आणि किती मी सांगून सांगून तयार केलंय, याची मला खात्री नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. माझी बायको सुषमा म्हणते, की पतंगाचा किस्सा मी दर वेळी वेगळा सांगतो. मागच्या दिवाळीत पतंग लाल होता, हल्ली तो जांभळा झालाय. असेलही! मी आयुष्यभर एकच काम केलं. कॉम्प्युटरच्या नेटवर्कवरून किती डेटा येतो आणि किती जातो, हे मोजलं. त्यावरच पीएच.डी. केली, सुरतेच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात तेच शिकवलं, आणि तिथलं नेटवर्कही सांभाळलं. पण स्वतःची आठवण मोजायचं मशीन काही मला जमलं नाही.

किस्से साठतात ते लॉग फाइलसारखे. मशीन आपलं लिहीत राहतं, कुणी वाचत नाही, आणि पुसायची वेळ आली की बोट थांबतं. न जाणो, कधी लागलं तर! मी निवृत्त होताना कॉलेजच्या कॉम्प्युटर सेंटरच्या सगळ्या जुन्या नोंदी एका हार्ड डिस्कवर घेऊन घरी आणल्या. का आणल्या? भीती. कुणीतरी एक दिवस दारात येऊन म्हणेल, ‘तुम्ही त्या वर्षी जे मोजलं ते चुकलं होतं.’ तेव्हा पुरावा असलेला बरा.

आमच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये आम्ही तिघं. एक मी. दुसरे केतनभाई, सर्व्हर सांभाळणारे, पक्के सुरती. माझ्याशी बोलून बोलून मराठी शिकलेले आणि ती माझ्यावरच वापरणारे. तिसरे भिलाभाऊ पाटील, आमचे टेक्निशियन. मूळ धुळ्याकडचे, राहायला नवागामला. केबल ओढणं, शिडीवर चढणं आणि लेक्चर हॉलचा कॅमेरा चालवणं, ही त्यांची कामं. भिलाभाऊ कॉन्ट्रॅक्टवर होते. ते कॉन्ट्रॅक्ट दर जूनमध्ये नवं व्हायचं, म्हणून दर मे महिन्यात ते कमी बोलायचे.

* * *

आमच्या डायरेक्टरसाहेबांना एकदा कुठल्याशा कंपनीच्या ऑफिसात भिंतीवर हलता ग्राफ दिसला. झालं! त्यांच्याही केबिनमध्ये मोठा टीव्ही लागला आणि त्यावर आमच्या नेटवर्कची हिरवी रेघ चोवीस तास हलू लागली. रेघ वर गेली की साहेब खूश, खाली आली की मला फोन.

एकदा ट्रस्टी मंडळी रविवारी येणार असं ठरलं. रविवारी कॉलेजात चिटपाखरू नाही. रेघ जमिनीवर झोपलेली. साहेबांचा फोन आला, “डॉक्टर, आ लाइन तो सूई गई छे! थोडी ऊंची करो ने!”

मी त्यांना समजावलं, की आपण रेघ मोजतो, उचलत नाही. थर्मामीटर दाबून ताप वाढवता येत नाही. पाच मिनिटं समजावलं. तेवढ्या वेळात केतनभाईंनी लॅबमध्ये जाऊन तीस कॉम्प्युटरवर एकच जुना सिनेमा लावून दिला. रेघ अशी उठली, की पावागढचा डोंगर!

ट्रस्टी टीव्हीसमोर उभे राहिले. एक म्हातारे ट्रस्टी गदगदून म्हणाले, “रविवारे पण आटलुं काम?”

साहेबांनी नम्रपणे मान खाली घातली. मग त्या ट्रस्टींनी मला विचारलं, “दर रविवारी असंच असतं का?”

खोटं बोलायची माझी छाती नाही आणि खरं बोलायचीही नाही. मी म्हणालो, “एका रविवारवरून सांगता येत नाही. अजून एक आठवडा मोजावं लागेल.”

पुढच्या रविवारी साहेबांनी पुन्हा सिनेमा लावायला लावला! आणि ‘अजून एक आठवडा मोजू या’ हे वाक्य मला कायमचं चिकटलं. कॅन्टीनमध्ये मी चहात साखर घालायला लागलो, की केतनभाई विचारायचे, “सर, किती चमचे? की अजून एक आठवडा मोजू या?”

* * *

उत्तरायणानंतरची, म्हणजे संक्रांतीनंतरची गोष्ट. हॉस्टेलची रेघ एकदम शून्यावर आली. हॉस्टेलला नेट जायचं ते आमच्या गच्चीवरच्या अँटेनातून. दोन आठवडे शून्य. मुलं तक्रार करत नव्हती, कारण बरीचशी सुट्टीला घरी गेली होती. उरलेली आपापल्या मोबाइलवर.

मी आकडे पाहिले. मागच्या वर्षीचे पाहिले. त्याच्या मागच्या वर्षीचे पाहिले. आणि चार पानांचा अहवाल लिहिला, की सणासुदीच्या सुट्ट्यांचा नेटवर्कवर काय परिणाम होतो. त्याला मी ‘हॉलिडे इफेक्ट’ असं भारदस्त नावही दिलं. तळटीपा पण होत्या.

अहवाल प्रिंटरमधून बाहेर येत होता तेवढ्यात भिलाभाऊ दारात आले. हातात एक फाटका पतंग आणि मांज्याचा गुंता. गच्चीवर पतंग उडवताना कुणाच्या तरी वाटेत आला म्हणून अँटेना बाजूला फिरवून ठेवला होता. दोन आठवडे तो हॉस्टेलऐवजी उधना स्टेशनाकडे तोंड करून बसला होता.

भिलाभाऊंनी पतंग माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “सर, हा घ्या तुमचा हॉलिडे इफेक्ट. उतरवला.”

अँटेना कुणी फिरवला याचा तपास आम्ही केला नाही. केतनभाईच म्हणाले, “जाऊ द्या ना सर, सणाचे दिवस आहेत.”

पतंगाचा रंग मात्र आता मला सांगता येणार नाही.

* * *

सोमवार, बुधवार, शुक्रवार, दुपारी बारा ते एक, माझं लेक्चर असायचं. विषय अर्थातच नेटवर्कवरच्या डेटाचं मोजमाप. हॉलमध्ये मागच्या भिंतीला एक कॅमेरा होता. तपासणीला येणारी समिती विचारते म्हणून प्रत्येक लेक्चर रेकॉर्ड व्हायचं. हॉलच्या मागे कपाटाएवढी एक खोली होती, तिथे बसून भिलाभाऊ ते रेकॉर्डिंग करायचे आणि डिस्कवर नाव घालून ठेवायचे. ती डिस्क कुणी कधी लावून पाहिली नाही. समितीनेसुद्धा कपाट उघडलं, डिस्क मोजल्या आणि कपाट बंद केलं.

मला वर्गाकडे तोंड करून बोलायला भीती वाटते. तीस वर्षं शिकवूनही वाटायची. म्हणून मी फळ्याकडे तोंड करून बोलायचो. हळू, अगदी हळू, कारण प्रत्येक वाक्य बरोबर आहे का हे मला मनात तपासावं लागायचं. सुरुवात मात्र पाठ होती. दर वर्षी पहिल्या दिवशी मी तापीवरच्या पुलाचं चित्र काढायचो. म्हणायचो, “अडाजणच्या टोकाला उभा असलेला माणूस ज्या गाड्यांना ‘येणाऱ्या’ म्हणतो, त्याच गाड्यांना चौकच्या टोकाला उभा असलेला माणूस ‘जाणाऱ्या’ म्हणतो. म्हणून मोजण्याआधी आपण पुलाच्या कुठल्या टोकाला उभे आहोत ते लिहून ठेवा.” हे वाक्य मी पूर्ण सहामाहीत निदान वीस वेळा म्हणायचो. मुलं माझी नक्कल करताना तेच म्हणायची.

एक दिवस मला अवदसा आठवली. आपलं लेक्चर चालू असताना हॉलमधलं वाय-फाय किती वापरलं जातं, ते मी काढून पाहिलं. बाराच्या ठोक्याला रेघ चढायला लागायची. बारा वाजून दहा मिनिटांनी शिखर. एक वाजता उतार. अख्ख्या कॉलेजात, अख्ख्या आठवड्यात, एवढी उंच रेघ दुसरी नव्हती.

मी तो ग्राफ केतनभाईंना दाखवला. वाटलं, धीर देतील. ग्राफ बघून ते म्हणाले, “सर, तुमच्यासारखं प्रॅक्टिकल शिक्षण कोण देतं? तुम्ही ट्रॅफिक शिकवता, आणि पोरं समोर बसून ट्रॅफिक तयार करतात!”

सगळ्या सहामाहीत एकदाच, एका शुक्रवारी, बारा पस्तीसला ती रेघ दोन मिनिटं खाली आलेली दिसली. मला फार आनंद झाला. त्या दिवशी मी काय शिकवत होतो, ते वहीत शोधलं. मग आठवलं. त्या दिवशी मी फळ्याकडे बघत बघत मागे सरकलो होतो आणि प्लॅटफॉर्मवरून पडलो होतो.

* * *

मी सहसा रजा घेत नसे. मी नसताना काहीतरी बिघडेल अशी धास्ती, आणि काहीच बिघडलं नाही तर त्याहून मोठी धास्ती. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि मला पूर्ण आठवडा घरी बसावं लागलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, तिन्ही लेक्चरं बुडाली.

परत आलो तेव्हा काळा चष्मा लावून मी विचारलं, “काय, माझ्यावाचून काही अडलं का?”

केतनभाई म्हणाले, “अडलं? सर, तुम्ही नव्हता तर पोरं कॅन्टीनमध्ये गेली. नेटवर्क एवढं छान चाललं, एवढं छान चाललं, की मी साहेबांना सांगणार होतो, सरांच्या दुसऱ्या डोळ्याचं पण करून घ्या.”

भिलाभाऊ मात्र हसले नाहीत. म्हणाले, “सर, बरं झालं आले. आठवडा फुकट गेला.”

मला वाटलं, बिचाऱ्यांना कॅमेऱ्याच्या खोलीत काम नसल्यामुळे कंटाळा आला असेल.

* * *

एक किस्सा मी मागे ठेवत होतो. तो आता मध्येच सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

हिवाळ्यात भिलाभाऊंच्या डब्यात खानदेशी भरीत असायचं. वांगी भाजून, ठेचून, कांद्याची पात आणि हिरवी मिरची घालून. बरोबर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी. आम्ही तिघं सेंटरमध्येच जेवायचो. केतनभाई एक घास घ्यायचे आणि डोळ्यांतून पाणी काढत ताक मागायचे. “भिलाभाऊ, आ भरीत छे के बॉम्ब?”

असंच एकदा, ऑपरेशनच्या दोन महिने आधी, डबा उघडताना भिलाभाऊ मला म्हणाले, “सर, एक विचारू? पोरगी बारावी सायन्स झाली. हुशार आहे. अॅडमिशनचं काही जमलं नाही. घरी साड्यांना टिकल्या लावते. तुमच्या वर्गात मागच्या बाकावर बसली तर चालेल का? परीक्षा नको, सर्टिफिकेट नको. नुसतं ऐकेल.”

एरवी माझ्या वर्गात बसायला कुणी हौसेने आलं नव्हतं. मला भरून आलं. आणि लगेच भीती वाटली. बाहेरची मुलगी, हजेरीपटावर नाव नाही, कुणी विचारलं तर काय सांगायचं?

मी म्हणालो, “नियमात कसं बसतं ते बघतो. साहेबांना विचारतो. एक आठवडा द्या.”

भिलाभाऊ म्हणाले, “हो सर.”

आठवड्याने त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “अजून एक आठवडा.”

तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. मीही साहेबांना विचारलं नाही. पुढे कधीतरी भिलाभाऊ दुपारच्या जेवणानंतर घरी फोन करून एकच शब्द विचारायला लागले, “उनं का?” म्हणजे आलं का? केतनभाईंनी आणि मी अंदाज बांधला, की नवागामला दुपारी नळाला पाणी येत असणार. आम्ही तीच थट्टा करायचो. “काय भिलाभाऊ, उनं का?” ते मान हलवायचे. “उनं, सर.”

* * *

एप्रिलमध्ये साहेबांना शोध लागला, की कॉलेजचं नेट खासगी कामाला वापरलं जातं. सिनेमे उतरवले जातात. (ट्रस्टींच्या रविवारचा सिनेमा त्यांनी खासगीत धरला नव्हता.) त्यांनी फर्मान काढलं, की पुढच्या सोमवारपासून डॉक्टर सगळ्यांचं मोजतील. नोटीस बोर्डावर माझं नाव, ठळक अक्षरांत.

त्या सोमवारी सगळं कॉलेज संत झालं. मेकॅनिकलच्या एका प्राध्यापकांनी मला जिन्यात अडवून सांगितलं, “मी फक्त हवामान बघतो हं!” रेघ निम्म्यावर आली. साहेब म्हणाले, “जोयुं? प्रश्न सुटला!” मी म्हणालो, “साहेब, सांगून मोजलं की असंच होतं. न सांगता मोजायला हवं.” ते म्हणाले, “मग न सांगता मोजलेलं काही आहे का?”

होतं. माझ्याकडे पूर्ण सहामाहीच्या नोंदी होत्या. मी त्या काढल्या, सगळ्या केबली जिथे येतात त्या स्विचच्या प्रत्येक पोर्टची, म्हणजे केबल लावायच्या खाचेची, तासातासाची सरासरी काढली आणि त्यात एक रेघ वेगळी उठून दिसली. सतरा नंबरचा पोर्ट. दुपारी एक ते दोन. बाकी वेळ जवळजवळ काही नाही. आणि सरासरीच्या तक्त्यात त्याच्यासमोर लिहिलेलं होतं, ‘इनकमिंग’.

सतरा नंबरची केबल हॉलमागच्या कॅमेऱ्याच्या खोलीत जात होती. तिथे एकच माणूस बसायचा.

मी साहेबांना म्हणालो, “अजून एक आठवडा मोजू या.”

साहेब म्हणाले, “डॉक्टर, मने ग्राफ नथी जोईतो. मने नाम जोईए छे.” त्यांना ग्राफ नको होता, नाव हवं होतं.

सतरा नंबरची केबल कुठे जाते ते विचारून त्यांनी भिलाभाऊंना बोलावलं. माझ्यासमोरच विचारलं, की दुपारी त्या खोलीत बसून काय उतरवून घेतोस? भिलाभाऊंनी साहेबांकडे बघितलंच नाही. ते माझ्याकडे बघत म्हणाले, “सर, मी काही ओढून घेत नव्हतो.”

तक्त्यात स्पष्ट इनकमिंग लिहिलेलं. मला त्यांच्या खोटं बोलण्याचंही वाईट वाटलं. मी म्हणालो, “भिलाभाऊ, काय असेल ते सांगा. मी साहेबांना समजावतो.”

त्यांच्या तोंडापर्यंत काहीतरी आलं होतं, हे मला आजही दिसतं. मग म्हणाले, “जाऊ द्या सर. तुम्हालाच विचारतील, परवानगी कुणाची होती म्हणून.”

याचा अर्थ मला कळला नाही. मी अहवालावर सही केली. अहवालात मी कुणाचं नाव लिहिलं नाही, फक्त पोर्टचा नंबर लिहिला. त्यात माझं काहीतरी तत्त्व होतं. साहेबांना नंबरासमोर नाव लिहायला अर्धं मिनिट लागलं.

जूनमध्ये कॉन्ट्रॅक्ट नवं झालं नाही. शेवटच्या दिवशी भिलाभाऊ कपाटाची किल्ली द्यायला आले. मला म्हणाले, “सर, कॅमेरा पन्नास मिनिटांनंतर गरम होतो. तुम्ही शेवटची दहा मिनिटं महत्त्वाचं काही सांगू नका.”

मी म्हणालो, “कोण बघतंय, भिलाभाऊ!”

ते हसले. इतकंच.

जुलैत साहेबांनी मला विचारलं, “काय डॉक्टर, आता नेटवर कितीसा ताण कमी झाला?” मी मोजलं. फरक होता. ग्राफवरच्या रेघेच्या जाडीपेक्षा थोडा कमी!

* * *

आता शेवटचा. हा माझ्याच घरातला आहे, म्हणून सुषमाही साक्षीदार आहे. तिच्या आणि माझ्या आठवणीत फक्त एवढाच फरक आहे, की तिच्या मते मी त्या वेळी लुंगीवर होतो.

निवृत्तीला सहा-सात वर्षं झाली असतील. अडाजणच्या आमच्या फ्लॅटमध्ये नेट अडखळायला लागलं. मुलगा व्हिडिओ कॉलवर दिसायचा छान, पण त्याला आम्ही दिसायचो तुकड्या-तुकड्यांत. मी लगेच तक्रार केली नाही. आधी दोन आठवडे मोजलं. ग्राफ काढला. छापून ठेवला. मग तक्रार केली.

कंपनीकडून एक मुलगी आली. सव्वीस-सत्तावीसची असेल. हेल्मेट, पाठीवर बॅग, हातात केबलला टोक बसवायचा चिमटा. “अंकल, राउटर क्यां छे?” असं विचारत आत आली. सुषमाने आतून हाक मारली, “अहो, त्यांना पाणी हवंय का विचारा,” तशी ती मराठीवर आली. “नको काकू, पाणी आहे माझ्याकडे.”

मी तिला माझा ग्राफ दाखवला. जरा ऐटीतच. सांगितलं, की मुली, माझ्याकडे येणारा डेटा कमी पडतोय, हे बघ, चौदा दिवसांचं मोजमाप आहे.

तिने कागद हातात घेतला, राउटरकडे बघितलं, पुन्हा कागदाकडे बघितलं आणि म्हणाली, “काका, मोजलंय एकदम नीट. पण हे उलटं आहे. तुम्ही राउटरच्या घराकडच्या पोर्टवर मोजलंय. त्या पोर्टचं ‘इनकमिंग’ म्हणजे घरातून राउटरमध्ये शिरणारं. म्हणजे तुमचं जाणारं. तुमच्याकडे येतंय ते ठीक आहे, तुमचं बाहेर पोचत नाहीये.”

मी म्हणालो, “असं कसं?”

ती हसली आणि म्हणाली, “मोजण्याआधी आपण पुलाच्या कुठल्या टोकाला उभे आहोत ते लिहून ठेवायचं, काका.”

मी खुर्चीवर बसलो.

सुषमाने चहा आणला. मी विचारलं, “हे पुलाचं तुला कुणी सांगितलं?”

“एक सर होते. व्हिडिओवर.”

“कोण सर?”

“नाव नाही माहीत. चेहरा पण नाही बघितला. कायम फळ्याकडे तोंड, आपल्याला फक्त पाठ.” ती केबलचं टोक कापत बोलत होती. “फार हळू बोलायचे हो! मी दीडपट स्पीडने लावायचे. साडीला टिकल्या लावता लावता ऐकायचे. एक लेक्चर म्हणजे एक साडी. एकदा तर धाडकन पडलेच ते. तो व्हिडिओ आम्ही घरी खूप वेळा बघितला.”

सुषमाने माझ्याकडे बघितलं. मी कपाकडे बघितलं.

सुषमा म्हणाली, “मग कळायचं का गं त्यांचं बोलणं?”

“तिसऱ्यांदा ऐकलं की कळायचं,” ती म्हणाली. “शेवटची दहा मिनिटं मात्र कधीच नसायची. मग व्हिडिओ यायचेच बंद झाले. तोपर्यंत जेवढं आलं होतं, त्याच्यावर पुढचं मी आपलं आपलं केलं. नंतर डिप्लोमा केला.”

“वडील काय करतात?” मी विचारलं. आवाज माझा होता, एवढंच मला आठवतं.

“इच्छापोरला असतात, कंपनीत. केबलचंच काम. कॉन्ट्रॅक्टवर.” तिने केबल लावली, दिवा हिरवा झाला. “झालं, काका. आता तुमचं बाहेर जाईल.”

ती गेली. नाव विचारायचं राहिलं. खरं म्हणजे राहिलं नाही, मी विचारलं नाही. सुषमा दारातून आत येऊन म्हणाली, “अहो, त्या मुलीला सांगायचं तरी!” मी म्हणालो, “आधी एकदा तपासू दे.”

ती हार्ड डिस्क कपाटात वरच्या फळीवर होती. मुलाच्या जुन्या लॅपटॉपला जोडली तेव्हा चालू व्हायला बराच वेळ लागला. सतरा नंबरचा पोर्ट काढला. ते मोजमाप स्विचवर केलेलं होतं, आणि स्विचचं ‘इनकमिंग’ म्हणजे खोलीतून स्विचकडे येणारं. खोलीतून बाहेर जाणारं. मग मी पहिल्यांदाच सरासरी न काढता एकेक दिवस बघत गेलो. मंगळवार, गुरुवार, शनिवार, काही नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी रेघ उठलेली, एकही चुकलेला नाही.

फक्त फेब्रुवारीत, माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं त्या आठवड्यात, तिन्ही दिवशी सतरा नंबरची रेघ शून्यावर होती.